मानेतली उसनी तार

२ मार्च, तुमाको

पोचलो एकदाचे! सामान भिजलं नाही, धाकट्या बहिणीला, योलिमाला, वाटेत झटका आला नाही, आणि घर चक्क फोटोत दाखवलं होतं तसंच निघालं. खांबांवर उभं, निळ्या रंगाचं, भरतीला खालून पाणी फिरून जाणारं. योलिमा बसमध्ये सबंध वाट बडबडत होती. तिचा आवाज बारीक आणि बोलणं घाईचं, त्यामुळे प्रत्येक वाक्याचं शेपूट गिळलं जातं. पण शेजारच्या बायकांना ती लगेच आवडली. संध्याकाळपर्यंत तिघींकडून नारळाच्या रसातला मासा आला. एकीनं विचारलं, की ही सव्वीस वर्षांची घोडी चुलीपाशी का जात नाही, राजकन्या आहे का? योलिमानं स्वतःच सांगून टाकलं, की मला फेफरं येतं, मागच्या वेळी मी सूपच्या पातेल्यात तोंड घातलं होतं. बाई ओशाळली आणि मग अजून एक मासा देऊन गेली.

उद्यापासून दवाखाना. धर्मादाय दवाखाना आहे, पगार हसण्यावारी नेण्याजोगा. काली शहरातले माझे सहकारी म्हणाले, एस्नेदा, शवविच्छेदनाची प्राध्यापकी सोडून खारफुटीत चाललीस, तुझंच डोकं तपासायला हवं. त्यांना खरा पगार सांगितलेला नाही. इथले प्रमुख डॉ. फानोर यांनी शब्द दिलाय, की झटके रोखणारं पुढचं यंत्र हाती येईल ते माझ्या बहिणीच्या गळ्यात. कालीत तिचं नाव यादीत इतकं खाली होतं की तिथून वर बघितलं तर मान मोडावी. असो. आज चांगला दिवस आहे, कडवट लिहायचं नाही.

५ मार्च

काम समजलं. हे यंत्र काडेपेटीएवढं असतं आणि छातीत, गळपट्टीच्या हाडाखाली बसतं. त्याची तार मानेत चढून व्हेगस नसेला गुंडाळलेली असते. दर थोड्या मिनिटांनी अर्धा मिनिट सौम्य वीज सुटते आणि झटके कमी होतात. नवं यंत्र घेणं इथल्या कुणालाच शक्य नाही, म्हणून दवाखाना जुनी वापरतो. कुणी यंत्रवाला माणूस गेला की घरच्यांना विचारून ते काढून घ्यायचं, निर्जंतुक करायचं, पुढच्याला बसवायचं. बाकी ठिकाणी तार कापून टाकतात. इथे तारेलाही मोल आहे, म्हणून तिची वेटोळी नसेवरून न तुटता उलगडावी लागतात. माझी गरज ती इथे.

आज दोन शल्यविशारदांना दान आलेल्या देहाची मान उघडून दाखवली. कानामागून खाली येणारा जाड स्नायू बाजूला सारला की एक पातळ म्यान लागतं. त्यात तीन भाडेकरू. आतल्या अंगाला कॅरोटिड धमनी, बाहेरच्या अंगाला जुग्युलर शीर, आणि दोघांच्या मधे, जरा मागे दडून, व्हेगस. पांढरट, सुतळीएवढी. नावाचा अर्थच भटकी. मेंदूच्या बुडातून निघते, कंठाला फांदी देते, हृदयाला देते, फुप्फुसांना, मग पोटात उतरते. एवढा फिरस्ता जीव दुसरा नाही शरीरात. तार नेहमी डाव्या नसेला, कारण उजवी हृदयाच्या ठोक्यावर जास्त हुकूम गाजवते. वर वीज सुटली की आवाज घोगरा होतो, हे पेशंटला आधी सांगा, नाहीतर घाबरतो. एका डॉक्टरनं विचारलं, की बाई, तुम्ही हे इतक्या मायेनं सांगता, जणू माहेरची वाट. मी म्हटलं, आहेच.

१४ मार्च

योलिमाला झटका आला. मी दवाखान्यात होते. परत आले तर दारात शेजारणी, आणि आत तिच्या हातावर भाजल्याचे मोठे फोड. कॉफी करायला गेली होती. म्हणे, ताई, तुला आल्या आल्या गरम कॉफी द्यायची होती. मी तिच्यावर ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. या आजारात माणूस सारखा चिडतो आणि ज्याच्यावर चिडतो त्याची काही चूक नसते.

फानोरला विचारलं, यंत्र कधी? तो म्हणाला, एस्नेदा, कुणीतरी मरायला हवं ना आधी. हसत म्हणाला. मला हसू आलं नाही, कारण मीही रोज सकाळी हाच विचार करते.

१९ मार्च

क्लीमाका अंगुलो गेली, इथे सगळे तिला मानानं दोन्या म्हणायचे. मेंदूत रक्तस्राव. बंदरावर काळ्या शिंपल्या विकायची आणि गावात कुणी मेलं की अंत्यगीतं तीच उचलायची. तिच्या आवाजानं म्हणे नावा किनाऱ्याला लागायच्या. डोक्याला मार लागल्यावर फेफरं सुरू झालं, तेव्हा परदेशी पथकानं तिला यंत्र बसवलं होतं. त्याची बॅटरी बरीच झिजली आहे, पण आहे.

मुलगी ओनेइदा सही करायला आली. उंच, हाडकुळी, डोळे कोरडे. यंत्र घ्या, म्हणाली, आईला आता त्याचा काय उपयोग. पण एक अट. नऊ संध्याकाळची प्रार्थना पुरी होऊन घरातली वेदी उतरेपर्यंत ते दुसऱ्या कुणाच्या अंगात घालायचं नाही. मेलेला माणूस त्या दिवसांत आपली पावलं गोळा करत फिरतो. जिथे जिथे वावरला, जिथे बोलला, तिथून सगळं उचलतो आणि मग जातो. आईची अर्धी पावलं त्या तारेवर आहेत, डॉक्टरीणबाई, तिला ती सापडू द्या.

फानोर म्हणाला, हो, दवाखान्याचा नियमच आहे, तोवर कपाटात ठेवतो. मीही मान डोलावली. दुपारी वेटोळी उलगडली. इतकी वर्षं झाली की नस तारेभोवती वाढून बसते, तसंच होतं. पण एकही तुटलं नाही. माझा हात अजून चांगला आहे.

२३ मार्च

आज दुपारी झटका थांबेचना. ओठ निळे पडले. दोन इंजेक्शनं दिली तेव्हा सुटली. शुद्धीवर आल्यावर तिला माझं नाव आठवत नव्हतं.

फानोरकडे गेले. म्हटलं, यंत्र कपाटात आहे आणि माझी बहीण मरतेय. तो म्हणाला, थोडे दिवस राहिले, धीर धर. माझा स्वतःचा या पावलाबिवलांवर विश्वास नाही, पण गावाचा आहे, आणि उद्या त्यांनी यंत्रं द्यायची बंद केली तर? वर मलाच टोमणा, की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मी सांगितलं, की वेदी उतरेपर्यंत ती राहिली नाही तर मी परत जाते, मग मेलेल्यांच्या माना तूच उलगडत बस. त्यानं कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. गरज कुणाची अडली आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

उद्या सकाळी. ओनेइदाला सांगायचं नाही असं ठरलं.

२४ मार्च

झालं. फानोरनं छेद दिला, नस मी मोकळी केली आणि तीन वेटोळी मीच बसवली. चाचणीची वीज सोडली तेव्हा सगळं ठीक. टाके घालून झाले तेव्हा खाली गल्लीत क्लीमाकाच्या घरी बायका खुर्च्या मांडत होत्या, संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी. मला काहीच वाटलं नाही. खरं तर आनंद झाला.

२९ मार्च

वेदी उतरली. ओनेइदा बंदरावर आईच्या जागी शिंपल्या विकताना भेटली, स्वतःहून बोलली. शेवटी मेणबत्त्या विझवून पांढरी चादर काढतात, सगळे दारापासून बाजूला होऊन वाट देतात. तेव्हा एक गार झुळूक निघून जाते, प्रत्येक वेळी जाते. काल गेली नाही. बायका तशाच उभ्या राहिल्या, एकमेकींची तोंडं बघत. आई हट्टीच होती, ती म्हणाली. मी तिच्याकडून शिंपल्या घेतल्या. योलिमाला आवडत नाहीत हे माहीत असूनही घेतल्या, नकार देता आला नाही.

६ एप्रिल

जखम भरली, आज यंत्र कायमचं सुरू केलं. योलिमाच्या मनगटाला पट्ट्याचं चुंबक बांधलं. झटका येतोय असं वाटलं तर छातीवरून एकदा फिरवायचं, म्हणजे जादा वीज सुटते. आणि यंत्र गप्प करायचं असेल तर चुंबक छातीवर चिकटवून ठेवायचं. तिला दोन्ही पाठ झालं.

वीज सुटली की आवाज बदलतो. जाड, खोल, छातीतून आल्यासारखा. अपेक्षितच होतं. योलिमाला हसू आवरेना. ताई, मी कुणाच्या तरी सासूसारखी बोलतेय ग! मग पुन्हा तिचा बारीक आवाज, वाक्याचं शेपूट गिळलेलं.

१३ एप्रिल

एकही झटका नाही. एकही! आज तिनं कॉफी केली आणि मी बाहेर खुर्चीवर बसून आयती प्यायले. लहानपणापासून पहिल्यांदा असं झालं. देवा, तुझे उपकार, आणि तुझे नसतील तर माझ्या बोटांचे.

एक गंमत. जाड आवाज लागला की ती शिंपल्यांचे भाव पुकारते. नंतर विचारलं तर आठवत नाही. फेरीवाल्या दिवसभर ओरडतात, कानावर पडत असणार.

१६ एप्रिल

ओनेइदा रस्त्यानं जाताना थबकली. खिडकीत योलिमा होती आणि नेमकी वीज सुटली होती. ओनेइदाच्या हातातली टोपली पडली. तिनं विचारलं, आई? आणि योलिमा त्या आवाजात म्हणाली, की कधीची हाका मारतेय, कुठे उलथली होतीस, भवाने? टोपली उचल, शिंपल्या मातीत गेल्या.

नंतर ओनेइदानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. ती एवढंच म्हणाली, तुम्ही थांबला नाहीत. मग ओसरीवर बसली आणि पुढची वीज सुटायची वाट बघू लागली.

१९ एप्रिल

आता रोज येतात. ओनेइदा, तिचे भाऊ, सुना. खुर्च्या घरून आणतात. अर्धा मिनिट आई, मग मधे योलिमा, मग पुन्हा आई. मधल्या वेळात योलिमाशी कुणी बोलत नाही. ती पाणी मागते तेव्हा म्हणतात, थांब ग, आता लागेल. माझ्या घरात, माझ्या बहिणीला!

मी त्यांना हाकललं. ओनेइदा म्हणाली, तुमच्या बहिणीसाठी तुम्ही आमची आई अडकवून ठेवलीत, मग आम्ही दोन शब्द ऐकले तर बिघडलं कुठे?  खुर्च्या तिथेच राहिल्या.

त्या आवाजातली म्हातारी सुरुवातीला रडायची. दार कुणी लावलं, वाट दिसत नाही, म्हणायची. आज रडली नाही. म्हणाली, या पोरीचे गुडघे किती छान आहेत.

२१ एप्रिल

म्हातारी कंठाच्या फांदीवर आहे तोवर ठीक, असं मी स्वतःला समजावत होते. आवाजच तो. पण आज वीज सुटल्यावर नाडी बघितली. ठोका मंदावतो, रेंगाळतो, म्हाताऱ्या माणसासारखा. डाव्या नसेनं एवढं व्हायला नको. आणि दुपारी योलिमानं कच्च्या शिंपल्या लिंबू पिळून खाल्ल्या, ताटभर. वास आला तरी ओकायची ती.

कंठ, हृदय, पोट. मी जन्मभर शिकवलेली वाट. ती पायरी पायरीनं उतरतेय आणि मला पुढचं स्टेशन माहीत आहे. याहून वाईट ज्ञान नाही.

फानोरला सांगितलं. तो म्हणतो, झटके शून्य, देणगीदारांना दाखवायला याहून चांगला पेशंट नाही. बंद कर हवं तर. मग पुन्हा ओठ निळे पडले की मला बोलावू नकोस.

२४ एप्रिल

चुकले. खालीच बघत बसले.

वर्गात मीच सांगते ना — या नसेतले पाचातले चार धागे खाली जातच नाहीत. वर जातात. पोटाचं, हृदयाचं, कंठाचं सगळं वर मेंदूला सांगायला. म्हणून तर झटके थांबतात, वीज वरच जाते.

ती उतरत नव्हती. ओळख करून घेत होती, एकेका अवयवाची. आणि मग वर —

योलिमानं आज मला एस्नेदा म्हणून हाक मारली. ताई नाही.

२६ एप्रिल

चुंबक तिच्या छातीवर चिकटपट्टीनं बसवलं. यंत्र गप्प. झटका आला तर येऊ दे, मी शेजारी आहे, इंजेक्शन भरून ठेवलंय. मला माझी बहीण हवी. झटक्यांसकट.

ती शांत बसली होती. मी विचारलं, कसं वाटतंय बाळा?

जाड आवाजात म्हणाली, की बरं वाटतंय, डॉक्टरीणबाई. तूच तर आणलंस मला. आता का घाबरतेस?

यंत्र बंद होतं. मी दोनदा तपासलं.

२७ एप्रिल

दिवसभर बंद. दिवसभर तोच आवाज. झटका नाही. भाव पुकारते, सुनांना शिव्या देते, ओनेइदाची वेणी घालते. ओनेइदा इतकी खूश आहे. तिला दोष देववत नाही, मीही अशीच खूश होते.

फानोरला तार काढायला सांगितलं. तो म्हणाला, पेशंटची संमती लागते. पेशंटनं दिली नाही.

योलिमा कुठे आहे? कुणीच विचारत नाही. योलिमा कुठे आहे?

२८ एप्रिल

चुंबक काढलं. यंत्र सुरू. वीज सुटली —

ताई.

बारीक आवाज. घाईचा. ताई, मी आहे, मी इथेच आहे, फार लांबून बोलावं लाग — शेपूट गिळलं. मी तिला धरलं. ती रडत होती, मीही. मग वीज थांबली. आणि त्याच डोळ्यांतून म्हातारी माझ्याकडे बघू लागली.

म्हणजे आता योलिमा अर्ध्या मिनिटाची. पाहुणी. स्वतःच्या गळ्यात.

२९ एप्रिल

चुंबक फिरवते. अर्धा मिनिट. पुन्हा फिरवते. जेवलीस का, दुखतंय का, हे असलंच विचारते मी. महत्त्वाचं काही सुचतच नाही.

म्हातारी म्हणाली, फिरव हवं तेवढं. बॅटरी माझीच आहे, मला माहीत आहे किती उरलीय. संपली की मी कुठे जाणार नाही, डॉक्टरीणबाई. ती जाईल.

खरं आहे. जेवढी मी तिला बोलावते तेवढी ती लवकर —

१ मे

फिरवायचं नाही ठरवलं. दर थोड्या मिनिटांनी आपोआप येते तेवढं पुरे. नवी बॅटरी मिळेपर्यंत पुरवायचं. कालीला फोन केले, सगळ्यांना. यादीत नाव घालतो म्हणाले.

२ मे

आपोआपची वीज आता सुटत नाही. सकाळपासून वाट बघितली. नुसतं चुंबकानं थोडं लागतं. क्षणभर.

ओनेइदानं खुर्च्या आत आणल्या.

३ मे

ठरवलं होतं फिरवायचं नाही. फिरवलं. ताई, एवढंच म्हणाली.

पुन्हा. ताई, ऐक, मला सांगायचं —

पुन्हा. नुसते ओठ.

थांबले. श्वास घेतला. शेवटची एखादी असेल, ती वाया घालवायची नाही. ती काय सांगतेय ते पूर्ण लिहून घ्यायचं. पेन धरलंय. ती म्हणते तसं, शब्द न् शब्द —

ताई, तू माझ्यासाठी केलंस ना, म्हणून मी तुला —